बेस्ट पिक्चर कोणता ते मी सांगणार नाही, भांडायचं कसं ते सांगते

पत्र (बरंच कापलंय, मूळ पत्र फार लांब होतं):

"ताई, आमच्याकडे शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून एक ॲनिमेशनचा पिक्चर बघायचा असा नियम आहे. छान चाललं होतं. मग मुलाने (वय १४) सगळ्यांचा मिळून टॉप टेन काढूया म्हणून सुचवलं आणि तिथून बिघडलं. नवऱ्याचं म्हणणं पहिला टॉय स्टोरी सोडला तर बाकी सगळ्या त्याच्या कॉप्या. मुलाचं म्हणणं स्पायडर-व्हर्सच्या पुढे कुणी नाही. दीर आले की मोबाईल काढून ऑस्कर आणि कमाईचे आकडे वाचून दाखवतात. सासूबाईंना जुना लायन किंग आवडतो तर मुलगा म्हणतो आजी, तो कॉम्प्युटरवर केलेलाच नाही, बाद. आणि मुलगी (वय ७) फ्रोझन म्हणाली तर सगळे हसले, मुलगा म्हणाला ते नुसतं गाण्यांचं आहे, बाळांचं आहे. तेव्हापासून शनिवारी ती बाहेर येतच नाही, आत बसून चित्रं काढते. (मला स्वतःला निमो आवडतो पण ते जाऊ दे.) तुम्ही एकदाच सांगून टाका बेस्ट कोणता, म्हणजे विषय संपेल. – रिमोट हरवलेली आई"

रिमोट हरवलेल्या ताई,

विषय संपणार नाही हो. मी एक नाव लिहिलं तर ज्याचं निघेल तो आठवडाभर मिरवणार आणि बाकीचे म्हणणार ही कोण टिकोजीराव सांगणारी, आणि बरोबरच आहे त्यांचं. शिवाय विषय संपावा असं मला वाटतही नाही. पिक्चरवरून तावातावाने भांडणारं घर मला आवडतं, दोन तास बघून कुणी काही न बोलता झोपायला निघून जाण्यापेक्षा ते कधीही बरं. तुमचं बिघडलंय कुठे तर तुम्ही नावांवरून भांडताय. टॉय स्टोरी विरुद्ध फ्रोझन. आता नुसत्या नावावर माणूस काय बोलणार? भारी आहे, बकवास आहे, बाळांचं आहे, इथवर येऊन शब्द संपतात आणि मग आवाज चढतो. त्यापेक्षा सीनवरून भांडा. ज्याला आपला पिक्चर भारी वाटतो त्याने त्यातला एकच सीन लावायचा, चार-पाच मिनिटांचा, आणि म्हणायचं बघा, इथे हे असं केलंय. मग बाकीच्यांना जे काय तोडायचंय ते तोडू देत. माझा सल्ला एवढाच आहे, पुढे जे लिहितेय ते तुमच्या घरातल्या एकेकाला हे कसं लागू होतं त्याबद्दल.

आधी मुलगी, कारण हे पत्र खरं तर तिच्यामुळे आलंय.

नुसतं गाण्यांचं आहे म्हणतो ना तो? मग गाणंच लावा. लेट इट गो नको, ते इतकं वाजलंय की आता कुणाला ऐकूच येत नाही. त्याच्या आधीचं लावा, धाकटी ॲना बहिणीच्या दारावर टकटक करून स्नोमॅन बनवायला ये म्हणते ते. गाणं सुरू होतं तेव्हा ती एवढीशी पोर आहे, मग कडव्याकडव्याला मोठी होत जाते, दार तेच आणि बंदच. मधे आईवडील जहाजाने निघतात आणि समुद्रात जातात, त्याबद्दल गाण्यात एक शब्द नाही, फक्त संगीत चालू राहतं आणि लाट येते. शेवटी परत तीच टकटक, पण आता हळू, आणि स्नोमॅनचं विचारणं हे खरं विचारणं राहिलेलंच नाहीये, दुसरं काही बोलायला जमत नाही म्हणून ती ते बोलतेय. दाराच्या अलीकडे एक बसलीय, पलीकडे दुसरी, तिच्या खोलीत बर्फ साचलेला.

हे झालं की लगेच, मधे कुणाला बोलू न देता, 'अप' (२००९) च्या सुरुवातीचा तो सीन लावा. कुठला ते सगळ्यांना माहितेय. कार्ल आणि एलीचा अख्खा संसार, संवाद नाहीत, फक्त मायकल जियाकिनोचं संगीत. प्रवासाला जायचे पैसे बरणीत साठवतात आणि दरवेळी काहीतरी मधे येतं, टायर जातो, पाय मोडतो, घरावर झाड पडतं, की फोड बरणी. मूल होणार नाही हे दवाखान्यातल्या एका शॉटमधे कळतं. ती रोज त्याचा टाय बांधते, टाय बदलत जातात तशी वर्षं निघून जातात. हा सीन थोर आहे, त्यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. पण दोन्ही पाठोपाठ बघा आणि मला सांगा की काम वेगळं कुठे आहे? थोड्या मिनिटांत वर्षंच्या वर्षं न्यायची आणि एक वस्तू हातातून सोडायची नाही. तिकडे बरणी, इकडे दार. एकाला मोठी माणसं रडतात आणि दुसऱ्याला बाळांचं म्हणतात, याचं कारण मला तरी एवढंच दिसतं की एकात म्हातारा आहे आणि दुसऱ्यात राजकन्या आहेत.

आता मुलीला विचारा की या पिक्चरमधे दारं कुठे कुठे आहेत. बघा काय होतं. ती सांगेल राजवाड्याचं फाटक, ते वर्षानुवर्षं बंद असतं आणि फक्त राज्याभिषेकाच्या दिवशी उघडतात. ती सांगेल ॲनाला आवडलेल्या राजपुत्र हान्सबरोबरचं गाणं, त्यात प्रेम म्हणजे उघडं दार असं गातात आणि तोच पुढे फसवा निघतो. आणि बर्फाचा महाल तर ती नक्की सांगेल, तिथे ॲना दार वाजवायला घाबरते, वाजवते, दार उघडतं आणि ती स्वतःच चकित होते की अरे, हे तर उघडलं. हे सगळं तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात नसणार कारण तुम्ही तो एकदा बघितलाय, ते पण मोबाईल बघत बघत, आणि तिने इतक्यांदा बघितलाय की कुठल्या शॉटला कुणाची वेणी कुठल्या खांद्यावर आहे ते ती सांगू शकेल. तुमच्या घरातला सगळ्यात अभ्यासू प्रेक्षक सात वर्षांचा आहे ताई, आणि तुम्ही लोकांनी त्याला आतल्या खोलीत पाठवलंय.

एक गोष्ट मुलाला आवडेल म्हणून सांगते, त्यालाच सांगा म्हणजे तो बहिणीला सांगेल. एल्सा, म्हणजे त्या दारापलीकडची थोरली बहीण, मुळात व्हिलन असणार होती. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या नवराबायकोने लेट इट गो लिहून आणलं, बनवणाऱ्यांनी ते ऐकलं आणि लक्षात आलं की हे गाणं गाणारी मुलगी व्हिलन असूच शकत नाही, मग गोष्टच फिरवली. तेव्हा 'नुसतं गाण्यांचं' ही शिवी म्हणून फारशी चालत नाही, गाण्याने इथे पटकथा बदललीय.

पण म्हणून फ्रोझनला हात लावायचा नाही असं करू नका. लहान आहे म्हणून तिच्यासमोर मुद्दाम हरू नका, मुलांना ते लगेच कळतं आणि हसण्यापेक्षा जास्त लागतं. मला विचाराल तर त्या दगडी ट्रोल्सचं गाणं पूर्ण काढून टाकलं तरी काही बिघडणार नाही, आणि हान्स फसवा निघतो ते इतकं अचानक की आधीच्या सीनमधे त्याची काही खूण शोधत बसावं लागतं. हे तिला विचारा. ती चिडेल, ट्रोल्सची बाजू घेईल, चांगलंय, घेऊ दे. मुद्द्यावर चिडलेलं मूल खोलीत जाऊन बसत नाही.

आता मुलगा. त्याच्यावर फार रागावू नका. चौदाव्या वर्षी सात वर्षांच्या माणसाशी आपला काही संबंध नाही हे सारखं सिद्ध करावं लागतं, आणि तो स्वतः सात वर्षांचा असताना कुठला पिक्चर रोज लावत होता ते तुम्हाला चांगलं आठवत असेल. आठवत असलं तरी सगळ्यांसमोर काढू नका हां, ती वेळ नाही.

त्याचा पिक्चर खरंच भारी आहे. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) आला तोवर कॉम्प्युटर ॲनिमेशन म्हणजे केस खरे वाटले पाहिजेत, पाणी खरं वाटलं पाहिजे अशी एक शर्यतच लागलेली होती. यांनी उलटं केलं, छापील कॉमिक्समधे दिसतात तसे ठिपके ठेवले, रेघा ठेवल्या, आणि हालचाल मुद्दाम थोडी तुटक ठेवली. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स जातात. यात सुरुवातीला नवशिक्या स्पायडर-मॅनची, म्हणजे माइल्सची, पोझ बऱ्याचदा दोन-दोन फ्रेम्सला एकदा बदलते, म्हणजे सेकंदाला १२ वेळा, आणि जंगलात तो मुरलेल्या स्पायडर-मॅन पीटरबरोबर जाळी फेकत पळतो तेव्हा पीटर मात्र प्रत्येक फ्रेमला हलतो. एकाच शॉटमधे एक सराईत आणि एक शिकाऊ, आणि तो फरक कुणी बोलून दाखवत नाही, हालचालीतच आहे. आपल्याला नुसतं बघताना 'हा पोरगा अजून जमवतोय' एवढंच जाणवतं.

हे त्याला माहीत असणार, चौदा वर्षांच्या पोरांना असलं सगळं माहीत असतं. पण तो काय करतो, ती माहिती दुसऱ्याला गप्प करायला वापरतो. त्याला म्हणा दाखव. रिमोट त्याच्या हातात द्या, फ्रेम बाय फ्रेम पॉज करत बहिणीला दाखवू दे, की इथे हा हलला आणि तो नाही हलला. ती चित्रं काढते म्हणालात ना? मग तर तिला घरात सगळ्यात जास्त कळेल ते. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं भरभर उलटली की हलतात, एवढं तिला माहीत असेल तर बारा आणि चोवीसचा फरक दोन मिनिटांत समजेल.

आणि पुढच्या शनिवारी तिला बोलवायला त्याने जायचं, तुम्ही नाही. सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावू नका, तसलं सॉरी तोंडातल्या तोंडात येतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. त्याला शनिवारच्या आधी एकट्याला गाठा आणि सांगा की तिला जाऊन विचार, फ्रोझनमधला कुठला सीन लावायचा. बस. तो विचारायला गेला यातच तिला जे कळायचं ते कळेल.

लायन किंगचं मात्र त्याला ठणकावून सांगा. १९९४ चा लायन किंग हाताने काढलेला आहे हे बरोबर, पण त्यातली ती दरीतली धावपळ, रानरेड्यांसारख्या त्या विल्डबीस्टचा कळप सिम्बाच्या अंगावर येतो, ती कॉम्प्युटरवरच केलेली आहे, एवढी जनावरं एकमेकांत न घुसता हाताने कोण काढणार. म्हणजे आजींच्या पिक्चरमधला सगळ्यात गाजलेला सीन त्याच्या नियमात बसतो. उलट २०१९ चा लायन किंग जवळपास सगळा कॉम्प्युटरचा, नियमाला अगदी पक्का, आणि मला विचाराल तर त्यात सिंहाची आयाळ बघत बसावं एवढी सुंदर आहे आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही हलत नाही, बाप मेला तरी पिल्लाचं तोंड तेच. आता यातला कुठला बाद करायचा? 'क्लाउस' (२०१९) बघून तर निम्म्या लोकांना तो थ्रीडी वाटेल आणि तो हाताने काढलेला आहे, फक्त त्यावर उजेडाचं काम कॉम्प्युटरने केलंय. सीमारेषा एवढी सरळ नाहीये रे बाबा, म्हणावं. सासूबाईंचा पिक्चर आत.

सासूबाईंसाठी अजून एक सुचवते. तुमच्या पत्रात एका ओळीत होतं की त्यांना इंग्रजी संवाद फार भरभर वाटतात आणि डब केलेलं लावलं की मुलगा वैतागतो. दोघांचंही खरं आहे. सबटायटल वाचावं की चित्र बघावं हा वयस्कर डोळ्यांना खराच प्रश्न असतो, आणि आवाज बदलला की पात्र बदलतं हेही खरंय. मग ज्यात बोलणंच नाही असा लावा. 'फ्लो' (२०२४) बघितलाय का? लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा, एक काळी मांजर, सगळीकडे पूर आलाय, आणि एका होडीत ती, एक कुत्रा, एक लेमूर, एक कॅपिबारा आणि एक मोठा पक्षी. एकही संवाद नाही, जनावरं जनावरांसारखीच वागतात. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलाय, हे मुलाच्या कानावर घाला, पुढचा आठवडा तो कॉम्प्युटरसमोरून उठणार नाही. 'वॉल-ई' (२००८) चा पहिला भाग पण असाच, बराच वेळ कुणी बोलत नाही, सासूबाईंना आणि मुलीला एकाच वेळी सगळं कळेल आणि कुणी कुणाला समजावून सांगायची गरज पडणार नाही. पुढे यानात गेल्यावर तो जरा नेहमीच्या पळापळीवर येतो, तिथे सासूबाई झोपल्या तर झोपू देत.

दिरांचं सोपं आहे. त्यांच्या मोबाईलमधले आकडे एकमेकांशीच भांडतात, तुम्ही फक्त बाजूला उभं राहून बघायचं. २०२४ मधे ॲनिमेशनमधे सगळ्यात जास्त कमावलं 'इनसाइड आउट २' ने, १६० कोटी डॉलरच्या वर. ऑस्कर कुणाला? त्या मांजरीला, फ्लोला, आणि इनसाइड आउट २ त्याच यादीत होता. मग भाऊजी, ऑस्कर धरायचं की कमाई? कमाई म्हणाले तर चीनचा 'नेझा २' काढा, २०२५ चा, २०० कोटी डॉलरच्या पुढे गेलाय, ॲनिमेशनमधे तेव्हापर्यंत कुणीच तिथे पोचलं नव्हतं. बघितलाय का विचारा. नसेल बघितला तर स्वतःच्याच नियमाने त्यांचा सगळ्यात आवडता पिक्चर त्यांनी अजून बघायचाय. ऑस्कर म्हणाले तर त्यांना सांगा की पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाला वेगळं ऑस्कर २००१ च्या पिक्चर्सपासून सुरू झालं, पहिलं 'श्रेक' ला मिळालं, 'मॉन्स्टर्स इंक' ला मागे टाकून. १९९५ च्या टॉय स्टोरीला ते मिळणं शक्यच नव्हतं, तो विभागच नव्हता, त्याच्या दिग्दर्शकाला वेगळं खास ऑस्कर दिलं. श्रेक की मॉन्स्टर्स इंक यावर अजून लोक भांडतात, मी मॉन्स्टर्सवाली आहे, श्रेकमधले निम्मे विनोद त्या काळातल्या दुसऱ्या पिक्चर्सची टिंगल करण्यात गेलेत आणि ते पिक्चर विसरले की विनोद पण जातो. पण हे मी म्हणतेय ते कुठल्या यादीत सापडणार नाही, त्यासाठी दोन्ही बघावे लागतात, आणि दिरांना नेमकं तेच करायला लावायचंय. त्यांनीही सीन आणायचा. आकडा आणला तर चालणार नाही.

आता नवरा. त्यांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. १९९५ चा 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे कॉम्प्युटरवर केलेला पहिला मोठा पिक्चर, जेमतेम ८१ मिनिटांचा, आणि तेवढ्यासाठी ११७ कॉम्प्युटर रेंडर करत, म्हणजे एकेक चित्र तयार करत, बसले होते, एकेका फ्रेमला ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत, आणि अशा २४ फ्रेम्स झाल्या की पडद्यावर एक सेकंद. खेळणीच का निवडली तर त्या वेळच्या कॉम्प्युटरला गुळगुळीत प्लास्टिक छान जमायचं, कातडी आणि केस जमायचे नाहीत. आजही बघा, अंतराळवीराचं खेळणं बझ चकाचक दिसतो आणि शेजारच्या सिडचा कुत्रा आणि ती मुलं अगदी मेणाची वाटतात. जे जमत नाही ते गोष्टीत कमीत कमी येऊ द्यायचं, एवढी अक्कल पहिल्याच पिक्चरला दाखवली याचं मला कायम कौतुक वाटतं.

पण पहिला असणं हा इतिहास झाला. आवडण्याचं कारण ते नाही, आणि तुमच्या मिस्टरांच्याही आवडण्याचं ते नसणार, त्यांना विचारून बघा. मी त्यांच्या जागी असते तर हा सीन लावला असता: सिडच्या घरात बझला टीव्हीवर स्वतःची जाहिरात दिसते. त्याला तोवर खरंच वाटत असतं की तो अंतराळवीर आहे. जाहिरातीत दुकानात रांगेने त्याच्यासारखेच बझ, आणि खाली लिहिलेलं की हे खेळणं उडत नाही. तो तरी जिन्याच्या कठड्यावर चढतो, खिडकीकडे बघतो आणि झेप घेतो, आणि पडतो, हात निखळतो. आणि त्याच्या लगेच नंतर सिडची बहीण त्याला एप्रन आणि टोपी घालून बाहुल्यांच्या चहापार्टीला बसवते आणि आपण खो-खो हसतो. इतकं वाईट वाटलेलं असताना इतकं हसायला लावणं, ते पण एवढ्या कमी वेळात, हे सोपं नाहीये. कॉपी म्हणायचीच तर लोकांनी याची करायला पाहिजे होती, बोलणारी खेळणी सगळ्यांनी उचलली पण हे कुणाला फारसं जमलं नाही.

आणि हे काही आपोआप झालं नव्हतं. १९९३ च्या नोव्हेंबरमधे टॉय स्टोरी बनवणाऱ्यांनी अर्धवट झालेला पिक्चर डिस्नीला दाखवला तेव्हा त्यातला हिरो, काउबॉयचं खेळणं वुडी, इतका खडूस, इतका टोचून बोलणारा झाला होता की तो कुणालाच आवडेना, काम थांबवलं, पुन्हा लिहायला बसले. म्हणजे नवऱ्याचा वुडी आणि मुलीची एल्सा, दोघंही आधी वाईट माणसं होती आणि लोकांनी बसून भांडून त्यांना नीट केलं. हे त्या दोघांना एकत्र बसवून सांगा, बाप आणि लेक एका बाजूला आले की मुलाची जरा पंचाईत होईल, होऊ दे.

अजून एक आहे, ते जरा नाजूक. तुमचे मिस्टर टॉय स्टोरी आला तेव्हा किती वर्षांचे होते ते मला माहीत नाही पण अंदाज बांधता येतो. आपण लहानपणी जे बघतो त्याच्याशी मोठेपणीचं काहीच बरोबरी करू शकत नाही, कारण तेव्हा आपण रिकामे असतो. तुमच्या मुलीचा टॉय स्टोरी हा फ्रोझन आहे. वीस वर्षांनी ती कुणाला तरी सांगणार आहे की फ्रोझन सोडून बाकी सगळ्या कॉप्या. हे नवऱ्याला वादात जिंकण्यासाठी सांगू नका, असंच कधीतरी भांडी आवरताना सांगा.

टॉप टेनचा कागद फाडून टाका. ज्याने काढला त्याच्याच हाताने, आणि राग न येता. दहा नंबर लावायचे म्हटले की नवव्या आणि दहाव्यासाठी माणसं जीव खातात आणि त्या नंबरांना काही अर्थ नसतो. नियम ठेवायचेच असतील तर दोन ठेवा, जास्त नको. आपला सीन लावल्याशिवाय दुसऱ्याच्या पिक्चरला नाव ठेवायचं नाही. आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याच्या पिक्चरमधला सीन आणायचा आणि त्याची बाजू घ्यायची, म्हणजे मुलगा फ्रोझनची, नवरा स्पायडर-व्हर्सची, दीर लायन किंगची. दिरांना लायन किंगची बाजू घेताना सासूबाई बघतायत हे मला इथे बसून दिसतंय.

आता तुमचं. तुम्ही सगळ्यांचं सविस्तर लिहिलंत, कोण काय म्हणालं, कोण कसं हसलं, आणि स्वतःचं कंसात घातलंत, वर 'ते जाऊ दे'. का जाऊ दे? पुढच्या शनिवारी सुरुवात तुमच्यापासून होऊ दे, मुलीवर पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलायचा भार नको, तिला आधी बघू दे की हे कसं चालतं.

'फाइंडिंग निमो' (२००३) सारखा वयाप्रमाणे बदलणारा पिक्चर दुसरा नाही. लहान असताना बघा, तो हरवलेल्या माशाच्या पिल्लाचा पिक्चर असतो, टँकमधून कसं सुटायचं त्याचा. आईबाप झाल्यावर बघा, तो मार्लिनचा होतो, सुरुवातीलाच बायको आणि एक सोडून सगळी अंडी गेलेल्या बापाचा, जो त्या एकाला शाळेतसुद्धा नीट जाऊ देत नाही. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटनने सांगितलंय की त्याला ही गोष्ट सुचली ती मुलाला बागेत घेऊन गेला असताना, सारखं हे करू नको, तिकडे जाऊ नको करत बसला आणि मुलाबरोबरचा वेळ त्यातच गेला. पिक्चरमधे एक साधी टिपिकल बाप-मुलाची गोष्ट होऊ शकली असती, पण त्यांनी बापाबरोबर डोरी नावाची अशी एक मासोळी दिली जिला काही लक्षातच राहत नाही, म्हणजे जिला भीती साठवता येत नाही.

तुम्ही देवमाशाच्या तोंडातला सीन लावा. मार्लिन म्हणतो मी त्याला वचन दिलंय की त्याला कधीच काही होऊ देणार नाही, आणि डोरी म्हणते, हे काय विचित्र वचन, त्याला कधीच काही झालं नाही तर मग त्याच्या आयुष्यात कधीच काही होणार नाही. मग देवमासा जीभ उचलतो, पाणी ओसरतं, दोघं लोंबकळत असतात, ती म्हणते सोड, तो विचारतो काही वाईट होणार नाही हे तुला काय माहीत, आणि ती म्हणते नाही माहीत. आणि तो सोडतो. लावा, आणि तुम्हाला तो का आवडतो ते सांगा, लांबलचक सांगा, कुणी मधे बोललं तर पॉज करा. रिमोट तुमच्या हातात असेल. मुलगा म्हणेल पाण्याचं ॲनिमेशन आता जुनं वाटतं, दीर काहीतरी आकडा काढतील, त्यांना म्हणा सीन आणलाय का, नसेल तर थांबा, आता पुढचा नंबर सासूबाईंचा.